लाल खोक्यांचे ग्रंथालय

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पदावरून उतरला की त्याच्या नावाने एक ग्रंथालय उभे राहते. त्यात असतात त्याच्या कारकिर्दीतले सरकारी कागद, टिपणे, तारा, पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती, आणि त्यांच्याच शेजारी तुमच्या-आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी एक संग्रहालय. ही प्रथा फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सुरू केली. तोपर्यंत राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता समजली जाई. पद सुटले की तो ते घरी घेऊन जाई, आणि पुढे वारसांनी त्यांतले काही विकले, काही वाटून टाकले, काही जाळलेही. रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये आपले कागद राष्ट्राला देऊ केले आणि ३० जून १९४१ रोजी, ते स्वतः पदावर असतानाच, न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क या त्यांच्या गावी पहिले ग्रंथालय खुले झाले. १९५५ च्या कायद्याने या प्रथेला चौकट मिळाली: इमारत देणग्यांतून बांधायची आणि मग ती चालवण्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हवाली करायची. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७८ मध्ये, आणखी एक कायदा झाला आणि त्यापुढच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद ही त्यांची नव्हे, तर जनतेची मालमत्ता ठरली.

या वेळच्या अमेरिकेच्या प्रवासात टेक्सासमधील ऑस्टिन येथे मामाकडे मुक्काम होता, आणि केनेडी यांच्या हत्येनंतर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचे तिथले ग्रंथालय पाहायचे हे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. जॉन्सन यांच्याविषयी मला फार प्रेम होते म्हणून नव्हे. ज्या माणसाने आपल्या देशात एका पिढीचे भले केले आणि त्याच काळात दुसऱ्या देशात एक भयंकर युद्ध वाढवले, त्याची हकीकत त्याच्याच नावाच्या इमारतीत कशी सांगितली जात असेल, हे मला पाहायचे होते.

इमारत टेक्सास विद्यापीठाच्या आवारात आहे. वास्तुशिल्पी गॉर्डन बन्शाफ्ट यांनी दहा मजल्यांचा, फिकट रंगाच्या दगडाचा, जवळजवळ बिनखिडक्यांचा एक प्रचंड ठोकळा उभा केला आहे. बाहेरून ती मला आवडली नाही; सत्तेने स्वतःला किती भक्कम समजावे, याचे ते थोडे अतिरेकी प्रदर्शन वाटले. २२ मे १९७१ रोजी तिचे लोकार्पण झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन समोर बसले होते, आवाराबाहेर युद्धविरोधी निदर्शने चालली होती, आणि जॉन्सन यांनी आपल्या भाषणात सांगितले की आपल्या काळाची गोष्ट इथे सगळी आहे, वरची साल सोलून ठेवलेली. एकही चूक, एकही कुरूप किंवा अप्रिय गोष्ट या दप्तरातून वगळलेली नाही. राजकारणी माणसाने समारंभात दिलेल्या शब्दाला किती किंमत द्यायची हा प्रश्न मनात घेऊनच मी आत गेले.

आत गेल्यावर मात्र बाहेरच्या ठोकळ्याचे कारण कळते. भव्य जिना चढून मुख्य दालनात आलो की समोर काचेच्या पलीकडे, चार मजले उंच, ओळीने मांडलेले लाल खोके दिसतात. प्रत्येकावर राष्ट्राध्यक्षांची सोनेरी मुद्रा. या ग्रंथालयात साडेचार कोटी पाने आहेत. अशा इमारतींत कागद सहसा तळघरात असतात आणि पाहुण्यांना दाखवायला झगे, भेटवस्तू, मोटारी असतात. इथे वास्तुशिल्पीने दप्तरालाच गाभाऱ्याची जागा दिली आहे. मी बराच वेळ नुसती त्या खोक्यांकडे पाहत उभी होते. त्यांतल्या एखाद्या खोक्यात कुणाच्या तरी मरणाचा निर्णय असेल आणि त्याच्या शेजारच्या खोक्यात एखाद्या खेड्यात वीज नेण्याचा; बाहेरून दोन्ही सारखेच लाल.

मामाला मात्र खोक्यांपेक्षा कायद्यांच्या दालनाची ओढ होती. जॉन्सन यांच्या पाच वर्षांत जे कायदे झाले त्यांची यादी खरोखर थक्क करणारी आहे. सार्वजनिक ठिकाणचा आणि नोकरीतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा २ जुलै १९६४ चा नागरी हक्क कायदा, कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क प्रत्यक्षात आणणारा ६ ऑगस्ट १९६५ चा कायदा, वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना, गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्राचा पैसा. मेडिकेअरच्या कायद्यावर त्यांनी मिसुरीतील इंडिपेंडन्स या गावी, म्हाताऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या ग्रंथालयात जाऊन सही केली, कारण ती कल्पना ट्रुमन यांनी मांडून पाहिली होती आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती हाणून पाडली होती. शिक्षणाच्या कायद्यावर सही करण्यासाठी ते टेक्सासमध्ये आपल्या लहानपणीच्या एका खोलीच्या शाळेत गेले आणि आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून घेतले. या नाट्यमयतेत प्रसिद्धीची हौस होती, हे खरेच. पण तरुणपणी, १९२८ मध्ये, कोटुला या गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवताना पाहिलेली भूक ते विसरले नव्हते, हेही मला तितकेच खरे वाटते. १५ मार्च १९६५ रोजी काँग्रेसपुढे केलेल्या भाषणात त्यांनी त्या उपाशी पोटी शाळेत येणाऱ्या मुलांची आठवण सांगितली, आणि आता आपल्या हाती संधी आली आहे, ती मी वापरणार आहे, असे म्हटले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतासाठी वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. साऱ्या देशातून शंभर. नव्या कायद्याने राष्ट्रीयत्वानुसार ठरलेले ते कोटे रद्द केले आणि एका देशातून वर्षाला २० हजारांपर्यंत माणसांना वाट मिळाली, त्यात शिकलेल्या व्यावसायिकांना प्राधान्य होते. अमेरिकेतील मराठी मंडळे, तिथले गणेशोत्सव, तिथली डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली मोठी पिढी, हे सारे त्या सहीच्या नंतरचे. पुण्यात इंजिनिअर झालेला माझा बार्शीचा मामा १९६८ च्या अखेरीस त्याच कायद्याखाली इथे आला. त्या सहीचे छायाचित्र तो ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होता. “आपल्यासाठी म्हणून हा कायदा कुणी केला नव्हता,” तो म्हणाला, आणि ते अगदी बरोबर होते. इतके आशियाई लोक येतील असे त्या कायद्याच्या समर्थकांनाही वाटले नव्हते. “पण माझ्या पोरांचा सगळा जन्म त्याच्यावर उभा आहे.”

या संग्रहालयाचे खरे वेगळेपण मात्र टेलिफोनमध्ये आहे. जॉन्सन यांचा स्वभाव फोनवर राज्य करण्याचा होता, आणि आपली संभाषणे ते ध्वनिमुद्रित करवून घेत. पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसे. सुमारे ६४० तासांच्या या फिती त्यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९७३ मध्ये, ग्रंथालयाकडे आल्या त्या एका सूचनेसह: पन्नास वर्षे उघडू नयेत. ही सूचना पाळली असती तर २०२३ पर्यंत कुणाला काही ऐकू आले नसते. पण फिती जुन्या होत चालल्या होत्या आणि १९९२ मध्ये केनेडी यांच्या हत्येसंबंधीचे दप्तर खुले करण्याचा कायदाही झाला होता. तेव्हाचे संचालक हॅरी मिडलटन, जे पूर्वी जॉन्सन यांचे भाषणलेखक होते, त्यांनी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या संमतीने १९९३ पासून त्या खुल्या करायला सुरुवात केली. पतीची इच्छा बाजूला ठेवणारी ती संमती देताना त्यांच्या मनात काय असेल, हा विचार मला पुन्हा पुन्हा येत होता. त्यांना हे ठाऊक असणारच की या फितींत आपल्या नवऱ्याची दमदाटी आहे, शिव्या आहेत, लाडीगोडी आहे आणि भीतीही आहे.

दालनांत जागोजागी रिसिव्हर ठेवलेले आहेत. उचलून कानाला लावला की जॉन्सन बोलू लागतात. १५ जानेवारी १९६५ च्या संभाषणात पलीकडे मार्टिन ल्यूथर किंग आहेत. मतदानाचा हक्क नाकारल्याचे अलाबामासारख्या राज्यातले सर्वांत वाईट उदाहरण शोधा आणि ते लोकांपुढे पुन्हा पुन्हा मांडा, असे राष्ट्राध्यक्ष चळवळीच्या नेत्याला सांगत आहेत. याच काळात त्यांच्याच सरकारची तपाससंस्था किंग यांच्यावर पाळत ठेवून होती, ही गोष्ट ऐकताना मनातून जात नाही.

आणि मग २७ मे १९६४ ची दोन संभाषणे. पहिल्यात पलीकडे जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल आहेत, जॉन्सन यांचे जुने गुरू आणि नागरी हक्कांच्या प्रश्नावर त्यांचे कट्टर विरोधक. व्हिएतनामविषयी तुमचे काय मत, असे जॉन्सन विचारतात. इतकी वाईट गुंतागुंत आपण पाहिली नाही, असे रसेल म्हणतात, आणि जॉन्सन सांगतात की गेले सहा महिने मलाही असेच वाटते आहे. दुसऱ्यात सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी आहेत. त्यांना जॉन्सन सांगतात की ही लढाई लढण्याजोगी आहे असे मला वाटत नाही आणि त्यातून बाहेर पडता येईल असेही वाटत नाही. मग ते आपल्या दिमतीला असलेल्या एका सार्जंटविषयी बोलू लागतात. त्याला सहा लहान मुले आहेत. या माणसाला मी तिकडे कशासाठी पाठवायचे, व्हिएतनामची मला काय किंमत आहे, असे ते विचारतात. आवाज थकलेला आहे, थोडा चिडलेलाही.

हे ऐकल्यावर मी रिसिव्हर खाली ठेवला आणि पुन्हा उचलून तेच संभाषण ऐकले. कारण पुढचे सगळे आपल्याला माहीत असते. त्या वेळी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सोळा-एक हजार लष्करी सल्लागार होते. ऑगस्टमध्ये टॉन्किनच्या आखातात दुसरा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले, जो झालाच नव्हता असे आज इतिहासकार मानतात. ७ ऑगस्टला काँग्रेसने जॉन्सन यांना जवळजवळ कोरा धनादेश दिला, सिनेटमध्ये विरोधात केवळ दोन मते पडली. ८ मार्च १९६५ रोजी मरीन सैनिक दानांगच्या किनाऱ्यावर उतरले, म्हणजे कोटुलाच्या उपाशी मुलांची आठवण काढणाऱ्या त्या भाषणाच्या बरोबर आठवडाभर आधी. १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. शेवटी ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले आणि व्हिएतनामी माणसे किती लाख मेली याचा नीट हिशेबही कुणाकडे नाही. माहिती नव्हती, अंदाज चुकला, सल्लागारांनी फसवले, अशी स्पष्टीकरणे मी आजवर वाचली होती, आणि त्यांत तथ्यही असेल. पण इथे तो माणूस स्वतःच्या आवाजात, सगळे सुरू होण्याआधी, हे लढण्याजोगे नाही असे म्हणतो आहे. एखादा टीकाकार याहून कठोर पुरावा आणू शकला नसता, आणि हा पुरावा त्याच्याच नावाच्या इमारतीत, सरकारी खर्चाने, शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवलेला आहे.

व्हिएतनामच्या दालनात मामा गप्प होता. त्याने घरी कधी न सांगितलेली गोष्ट मला तिथे कळली. कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्या तरुण परदेशी पुरुषांनाही तेव्हा सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावे लागे. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत निघाली, १९४४ ते १९५० या वर्षांत जन्मलेल्यांसाठी, आणि बार्शीहून आलेला हा मुलगाही त्या सोडतीत होता. त्याचा आकडा दोनशेच्या पुढे लागला. बोलावणे १९५ पर्यंतच्यांना गेले. आजोबांना हे कळवले नाही, असे तो म्हणाला. ज्या कारकिर्दीने त्याला दार उघडून दिले तिनेच वाढवलेले युद्ध त्याच्या जन्मतारखेपर्यंत येऊन पोहोचले होते, आणि आता ऐंशी ओलांडलेल्या त्याच मामाच्या पाकिटात जॉन्सन यांच्या कायद्याने सुरू झालेले मेडिकेअरचे कार्ड आहे.

भारताशी जॉन्सन यांचा जो सर्वांत जवळचा संबंध आला, तो दालनांत मला शोधूनही ठळकपणे दिसला नाही, आणि त्याचे वाईट वाटले. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे भारतात पाऊस गेला. १९६६ मध्ये आपण एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले, त्यातले बहुतेक अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या योजनेखालचे. इंदिरा गांधी मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनला गेल्या, आणि ३० मार्चला जॉन्सन यांनी भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. पण मंजुरीची दोरी त्यांनी स्वतःच्या हातात आखूड धरली होती. वर्षाचा करार करण्याऐवजी थोड्या थोड्या धान्याला, महिन्या-महिन्याने, ते स्वतः परवानगी देत. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा त्यांचा एक हेतू होता, आणि त्या काळात भारताने शेतीचे धोरण बदलले, मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले, हे नाकारता येत नाही. पण व्हिएतनामवरील बाँबहल्ल्यांवर भारत टीका करतो याचा रागही त्या आखूड दोरीत होता. आमच्या घरी या राजकारणाचे नाव कुणाला माहीत नव्हते. माहीत होता तो मिलो. रेशनच्या दुकानात मिळणारी ती लाल अमेरिकन ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. आई तिच्या रांगेत उभी राहिलेली आहे. बाहत्तरच्या दुष्काळात तो मिलो पुन्हा आला.

तरीही मी त्या इमारतीवर रागावू शकत नाही, कारण दालनात जे नाही ते दप्तरात आहे. १९६६-६७ च्या भारतीय दुष्काळासंबंधी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तयार केलेला कागदपत्रांचा स्वतंत्र संच त्या लाल खोक्यांच्या घरात आहे. दालन म्हणजे संस्थेने स्वतः सांगितलेली गोष्ट, आणि ती गोष्ट कुठेही थोडी लाडाचीच असणार. निक्सन यांचे ग्रंथालय खासगी हातांत होते तोवर तिथल्या वॉटरगेटच्या दालनात निक्सन यांचीच बाजू होती, ते २००७ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आले आणि २०११ मध्ये ते दालन नव्याने मांडले गेले. म्हणूनच दालनाची पारख दप्तरावरून करता आली पाहिजे. ऑस्टिनच्या वाचनकक्षात ओळखपत्र दाखवून कुणालाही, परदेशी माणसालाही, संशोधक म्हणून नाव नोंदवता येते. एखादा कागद अजून गोपनीय असेल तर तो जिथे होता तिथे एक पत्रक ठेवलेले असते: अमुक तारखेचा, अमुक प्रकारचा कागद, अमुक कारणासाठी काढून घेतला आहे. वाचणारा त्यावर फेरविचाराची मागणी करू शकतो.

या दप्तरातल्या एका पाकिटाची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ च्या निवडणुकीच्या तोंडावर पॅरिसमध्ये दक्षिण व्हिएतनामला सामील करून शांततेची बोलणी पुढे जाणार होती, आणि ती लांबावीत म्हणून निक्सन यांच्या प्रचारातली माणसे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारशी गुप्त संपर्कात आहेत, असे जॉन्सन यांना कळले होते. २ नोव्हेंबरला त्यांनी रिपब्लिकन सिनेटर एव्हरेट डर्कसन यांना फोनवर हा देशद्रोह आहे असे सुनावले. जाहीरपणे मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्यासंबंधीचे कागद सल्लागार वॉल्ट रॉस्टो यांनी जून १९७३ मध्ये बंद पाकिटातून ग्रंथालयाला दिले, तेही पन्नास वर्षे उघडू नये अशा चिठ्ठीसह. ग्रंथालयाने ते १९९४ मध्ये उघडले. ज्याला आपल्या काळाचा निवाडा पुढे ढकलायचा होता त्या प्रत्येकाने पन्नास वर्षांचा आकडा घातला, आणि दोन्ही वेळा अभिलेखपालांनी वीस-एकवीस वर्षांत दार उघडले.

हे वाचताना मला यशवंतराव चव्हाण आठवत होते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले, आणि त्या पराभवाची लष्करी कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स व भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये त्यांच्याच काळात सादर झाला. चव्हाणांनी संसदेत त्याचा गोषवारा सांगितला. अहवाल ठेवला नाही. त्या वेळी त्याला कारणे असतील, सीमेवरची जखम ओली होती. पण १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली पंचवीस वर्षांहून जुने दप्तर खुले करण्याची चौकट आपल्याकडे असूनही, २०१० मध्ये त्या वेळच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत तो अहवाल खुला करता येणार नाही असेच सांगितले. पुढे त्यातला काही भाग एका परदेशी पत्रकाराकरवी बाहेर आला, सरकारने मात्र तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. कराडला ‘विरंगुळा’ या चव्हाणांच्या घरी मी गेले आहे. त्यांच्या वस्तू तिथे प्रेमाने जपल्या आहेत आणि ते प्रेम मलाही वाटते. पण ज्या नेत्यावर आपले प्रेम असते त्याचे निर्णय कागदावर तपासून पाहण्याचा हक्क मला त्या प्रेमाच्या विरोधात जाणारा वाटत नाही, आणि हा हक्क आपण मागतसुद्धा नाही, याची मला खंत आहे.

संध्याकाळी मामाने आईला फोन लावून दिवसभराची हकीकत सांगितली. दुष्काळाच्या कागदांचा तो संच आपण वाचायला जाणार आहोत, नाव नोंदवायचे कसे ते विचारून आलो आहोत, असेही सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादा, जातोच आहेस तर एक बघ. आपल्या वाटणीचे जहाज थांबवून ठेवा असे ज्या कागदावर लिहिले असेल, त्याची प्रत घेऊन ये.”